आवतण कुणी दिले? परक्या भूमीवरील फौजा आणि त्यांच्या परतीची तारीख

महालकर (धागाकर्ता)
२७ जानेवारी, रात्री ९.४०

सीताबर्डीचा किल्ला सर्वसामान्यांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. कालचा २६ जानेवारी हा त्यांपैकी एक, म्हणून आठवीत शिकणाऱ्या भाचीला घेऊन गेलो होतो. तासभर रांगेत उभे राहून वर पोहोचलो आणि १८१७ च्या लढाईची हकीकत तिला सांगितली. उतरताना तिने विचारले की, इंग्रजांची फौज मुळात नागपुरात आली कशी. लढून आली, असे मी सवयीने सांगून टाकले. घरी येऊन पुस्तक उघडले तेव्हा आपण पोरीला चुकीचे सांगितल्याचे लक्षात आले.

ती फौज लढून आली नव्हती, तिला बोलावलेले होते. दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. गादीवर आलेले परसोजी राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हते, आणि दरबारातील प्रतिस्पर्ध्यांपुढे स्वतःचा कारभार पक्का करण्यासाठी परसोजींचे चुलतभाऊ अप्पासाहेब यांनी त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. दीड वर्षाने, नोव्हेंबर १८१७ मध्ये, त्याच अप्पासाहेबांचे सैन्य कंपनीच्या फौजेशी सीताबर्डीवर लढले आणि हरले. १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी औरस वारसाविना वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले आणि भोसल्यांच्या वाड्यातील चीजवस्तू, हत्तीघोड्यांसकट, लिलावात निघाल्या. ज्याला मदतीसाठी घरात घेतले त्यानेच घर विकून टाकले.

आज एखादा देश दुसऱ्या देशात सैन्य घालतो तेव्हा तिथल्या सरकारने बोलावले, तिथल्या जनतेला वाचवायचे होते किंवा आमच्या सुरक्षेला धोका होता, यांपैकी एखादे कारण सांगितले जाते. माझे कच्चे मत असे की कारणांचा कीस पाडण्यापेक्षा दोनच गोष्टी विचाराव्यात: आवतण कुणी दिले, आणि परतीची तारीख कुणाच्या हातात आहे. जाणकारांनी हे मत खोडून काढावे, म्हणूनच हा धागा काढला आहे.

धरमपेठी वकील
२७ जानेवारी, रात्री ११.०५

महालकर, तुमची कसोटी कायद्याच्या जवळून जाते, पण कायदा थोडा वेगळ्या ठिकाणी उभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २ चे चौथे पोटकलम दुसऱ्या राज्याविरुद्ध बळाचा वापर करण्यास आणि तशी धमकी देण्यासही मनाई करते. याला सनदेत अपवाद दोन आहेत: कलम ५१ खालील स्वसंरक्षण आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेने दिलेली परवानगी. निमंत्रण हा त्या अर्थाने अपवादच नव्हे. घरमालकाने स्वतः दार उघडले तर घुसखोरी होत नाही, एवढाच त्यामागचा तर्क आहे. त्यामुळेच ज्याला फौज घालायची असते तो आधी दार उघडणारा हात शोधतो, आणि सापडला नाही तर तयार करतो.

याचे सर्वांत भेदक उदाहरण अफगाणिस्तानचे आहे. तिथले तेव्हाचे सत्ताधीश हफीझुल्ला अमीन यांनी मॉस्कोकडे सैन्याची मागणी एकदा नव्हे, वारंवार केली होती. सैन्य आले, आणि २७ डिसेंबर १९७९ रोजी काबूलच्या ताजबेग राजवाड्यात त्याच सोव्हिएत सैनिकांनी अमीन यांना ठार केले. त्यांच्या जागी बबराक कारमाल यांना बसवण्यात आले, आणि आम्ही अफगाण सरकारच्या विनंतीवरूनच आलो आहोत, असे जगाला सांगितले गेले. १९८३ मध्ये ग्रेनाडात अमेरिकेने तिथल्या गव्हर्नर-जनरलच्या विनंतीपत्राचा आधार घेतला. ते पत्र फौजा उतरण्यापूर्वी लिहिले गेले की नंतर, यावर तेव्हापासून वाद आहे.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ च्या निकाराग्वा खटल्यात एक गोष्ट स्पष्ट केली. सरकार विनंती करू शकते. बंडखोरांच्या विनंतीवरून हस्तक्षेप करता येत नाही, कारण तसे झाले तर कुठल्याही देशातील कुठलाही असंतुष्ट गट परक्या फौजेला आवतण देऊ शकेल. अप्पासाहेब यांपैकी कोणत्या वर्गात बसतात, हा मात्र परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे.

कामठीचा सुभेदार
२८ जानेवारी, सकाळी ६.१५

मी कायदा शिकलेलो नाही. परंतु आवतण मिळालेल्या एका फौजेत मी होतो, म्हणून लिहितो.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि आमची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना तिथल्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर रायफलीच्या दस्त्याने वार केला. यजमानाच्या घरात सर्वांचे एकमत नाही, हे त्याच दिवशी दिसले होते. आम्ही शिपायांनी ती बातमी हसण्यावारी नेली.

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. गावातल्या तमिळ बायका हार घालत. आमच्या चौकीसमोर एक म्हातारी राहत होती, ती रोज शहाळे आणून ठेवी आणि पैसे दिले तर रागावत असे. ऑक्टोबरमध्ये वाघांशी, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी, लढाई सुरू झाली, त्यानंतर तिचे दार आमच्यासाठी एकदाही उघडले नाही. तिचा एक नातू त्यांच्यात होता, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. तिने आम्हाला कधी शिवी दिली नाही. सकाळी आम्ही रस्ता तपासायला निघालो की ती अंगण झाडत असे, आणि आम्ही जवळ आलो की झाडणे थांबवून पाठ फिरवून उभी राहत असे.

रस्ता तपासणे म्हणजे काय, ते सांगतो. उजाडायच्या आत निघायचे, दोन्ही कडांनी चालायचे आणि प्रत्येक मोरीत वाकून पाहायचे, कारण सुरुंग मोरीतच पुरलेला असे. आमच्या हातात एसएलआर ही जुनी रायफल, समोरच्याकडे एके-४७. जाफना विद्यापीठाच्या मैदानात ११ ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस मारले गेले, ही बातमी आम्हाला दोन दिवसांनी कळली आणि त्या संध्याकाळी लंगरात कुणी बोलले नाही. २५ नोव्हेंबरला मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले, त्यांना पुढे परमवीर चक्र मिळाले. ते महार रेजिमेंटचे होते, आणि त्या रेजिमेंटमध्ये विदर्भातली किती घरे आहेत हे इथे सांगायला नको.

आता महालकरांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. आम्हाला बोलावले जयवर्धने यांनी. १९८९ मध्ये त्यांच्या जागी आलेले प्रेमदासा यांनी आम्हाला जायला सांगितले, आणि त्याच वर्षी त्यांच्या सरकारने वाघांना आमच्याविरुद्ध वापरण्यासाठी शस्त्रे पुरवली. ज्या घरी पाहुणे म्हणून गेलो त्याच घरातून आमच्यावर झाडल्या जाणाऱ्या गोळ्या जात होत्या. आपल्याकडे म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कोठे. आमचा तिसरा दिवस अडीच वर्षे चालला. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १,२०० जवान गेले.

इंदोरा चौक
२८ जानेवारी, सकाळी १०.३०

सुभेदारसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरीही धाग्याच्या सूत्राशी मी असहमत आहे आणि ते नम्रपणे, पण स्पष्ट नोंदवते.

महालकरकाकांच्या कसोटीत न जाण्याची किंमत कुठेच धरलेली नाही. रवांडात एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक तिथे आधीपासून होते. कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने २१ एप्रिल रोजी त्यांची संख्या वाढवण्याऐवजी २७० पर्यंत खाली आणण्याचा ठराव केला. ज्या सरकारचे लोक कत्तल घडवत होते त्या सरकारकडून आवतण येण्याची वाट पाहायची होती का?

कंबोडियाचे उदाहरण याहून अवघड आहे. २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामने सरहद्द ओलांडली, ७ जानेवारीला नॉम पेन्ह घेतले आणि पोल पॉटची राजवट संपली. निमंत्रण नव्हते, सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, हेतूही निर्मळ नव्हता, कारण दोन्ही देशांत सरहद्दीवरून आधीच चकमकी चालू होत्या. व्हिएतनामी फौज परतली ती १९८९ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. तुमच्या दोन्ही प्रश्नांत हा हस्तक्षेप नापास होतो, आणि तरी जिवंत राहिलेल्या कंबोडियन माणसाला विचारले तर तो काय सांगेल? जगाने मात्र पुढची कित्येक वर्षे संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्या ख्मेर रूज संघटनेकडेच ठेवली. भारताने १९८० मध्येच तिथल्या नव्या सरकारला मान्यता दिली होती, आणि मला त्या निर्णयाचा अभिमान वाटतो.

संत्रानगरी
२८ जानेवारी, दुपारी १.२०

ज्याची काठी त्याची म्हैस. बाकी सगळी कलमे नंतर शोधली जातात. इराकमध्ये संहारक अस्त्रे आहेत, असे ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत साऱ्या जगासमोर सांगण्यात आले. युद्धानंतर शोधपथकाने देश पालथा घातला आणि तसा साठा सापडला नाही. कुणाला शिक्षा झाली? इथे चर्चा करून काय साधणार आहे?

धरमपेठी वकील
२८ जानेवारी, सायंकाळी ७.५०

संत्रानगरी, काठीवाल्यालाही कलम शोधावे लागते, याचा अर्थ कलमाला काही वजन आहे. मला चिंता वेगळीच वाटते: एकाने शोधलेली पळवाट दुसरा वापरतो.

कोसोव्हो या अल्बेनियन बहुसंख्य असलेल्या सर्बियन प्रांतासाठी नाटोने २४ मार्च १९९९ पासून ७८ दिवस युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली, तीही सुरक्षा परिषदेच्या परवानगीविना, कारण रशिया आणि चीन नकाराधिकार वापरणार हे उघड होते. अल्बेनियन नागरिकांवर अत्याचार होत होते, यात शंका नाही. नंतर नेमलेल्या एका स्वतंत्र आयोगाने ती कारवाई बेकायदा परंतु न्याय्य ठरवली. हे शब्द त्या वेळी अनेकांना समंजस वाटले. मला ते तेव्हाही धोक्याचे वाटले होते. भारताने या कारवाईला विरोध केला होता. पुढे २०१४ मध्ये क्रिमिया घेताना रशियाने कोसोव्होचाच दाखला पुढे केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण करताना तर तिथे वंशसंहार चालू असल्याचा दावा केला, ज्याला पुरावा दिला गेला नाही. करुणेसाठी ठेवलेला दरवाजा कुणीही ढकलू शकतो, ही या युक्तिवादाची खरी किंमत आहे.

इंदोरा चौक, तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रवांडानंतर बराच खल झाला आणि २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व देशांनी संरक्षणाच्या जबाबदारीचे तत्त्व मान्य केले: राज्य आपल्या लोकांना वंशसंहारापासून वाचवत नसेल तर जग सुरक्षा परिषदेमार्फत पाऊल उचलू शकते. परंतु किल्ली पुन्हा त्याच पाच नकाराधिकारवाल्यांच्या खिशात राहिली.

इंदोरा चौक
२८ जानेवारी, रात्री ८.१५

मग १९७१ चे काय, वकीलसाहेब? ते आपण कोणत्या खान्यात टाकणार?

धरमपेठी वकील
२८ जानेवारी, रात्री ९.३०

प्रामाणिकपणे टाकायचे तर दोन्हींत. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. पूर्व पाकिस्तानात चाललेला संहार थांबवणे आणि तो भार हलका करणे, या दोन्ही गोष्टी भारताच्या मनात होत्या. औपचारिक युद्ध ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर केलेल्या हल्ल्यांपासून मोजले जाते आणि आपला कायदेशीर पाया स्वसंरक्षणाचा आहे. पण गरीबपूरची लढाई नोव्हेंबरमध्येच, सरहद्दीपलीकडे झाली होती, हे शाळेच्या पुस्तकात सहसा सांगितले जात नाही. ७ डिसेंबरला आमसभेने युद्धबंदी आणि माघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत केला. ज्या न्याय्य युद्धाबद्दल आपल्या घरोघरी मतभेद नाही त्याच्या विरोधात त्या दिवशी जवळजवळ सारे जग होते.

मात्र इथे महालकरांचा दुसरा प्रश्न खरोखर उपयोगी पडतो. १६ डिसेंबरला शरणागती झाली, सुमारे ९३,००० युद्धबंदी हाती आले, आणि मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत भारतीय फौज बांगलादेशातून बाहेर पडली होती. शेख मुजीब यांनी फेब्रुवारीत कलकत्त्यात इंदिराजींकडे विषय काढला आणि तारीख ठरली. ती ठरवताना यजमानाचा शब्द चालला.

अंबाझरी लेआउट
२९ जानेवारी, दुपारी १२.१०

मी स्थापत्य अभियंता आहे आणि २००९ ते २०११ या काळात लिबियातील बेनगाझीजवळच्या एका गृहप्रकल्पावर होतो. माझे लिहिणे तत्त्वाचे नाही, पाहिलेल्याचे आहे.

फेब्रुवारी २०११ च्या मध्यावर निदर्शने सुरू झाली. भारत सरकारने पाठवलेल्या जहाजाने आम्ही अलेक्झांड्रियाला गेलो आणि तिथून घरी आलो. कंपनीने तीन महिन्यांचा पगार अद्याप दिलेला नाही, पण तो या धाग्याचा विषय नव्हे. १७ मार्चला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ केला. भारत, ब्राझील, जर्मनी, चीन आणि रशिया तटस्थ राहिले. तेव्हा मी इथे धंतोलीत बसून भारताच्या तटस्थतेवर चिडलो होतो. आमच्या गोदामाचा लिबियन कारकून बेनगाझीत होता आणि तिथला हुकूमशहा गद्दाफी याचे रणगाडे शहराच्या वेशीवर आले होते. १९ तारखेला फ्रेंच विमानांनी ते उडवले, तेव्हा त्याने मला फोन केला आणि रडत रडत फ्रान्सचे आभार मानले. ते आभार खोटे नव्हते, हे मी इथे ठामपणे नोंदवतो.

परंतु ठराव नागरिकांच्या संरक्षणाचा होता आणि कारवाई राजवट उलथेपर्यंत चालली. २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला. त्यानंतर देश चालवायला कुणी तयार नव्हते. २०१४ पासून दोन सत्ता, दोन फौजा. माझ्या धंद्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की धरणाच्या देखभालीची फाइल कुणाच्याच टेबलावर राहिली नाही. डेर्ना शहराच्या वरच्या अंगाला ‘वादी’वर, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रावर, १९७० च्या दशकातली दोन भरावाची धरणे होती. त्यांच्या दुरुस्तीचे कंत्राट आधी दिलेले होते, पण २०११ च्या गोंधळात काम थांबले ते थांबलेच. सप्टेंबर २०२३ मध्ये वादळी पाऊस झाला, १० आणि ११ तारखेच्या दरम्यानच्या रात्री दोन्ही धरणे फुटली आणि शहराचा मधला भाग हजारो माणसांसह समुद्रात वाहून गेला.

दोन आठवड्यांनी, २३ सप्टेंबरच्या पहाटे, आपल्याकडे अंबाझरी तलाव ओसंडला आणि माझ्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी आले. पंप लावला, महापालिकेला शिव्या घातल्या, पंचनामा झाला. शिव्या घालायला महापालिका असणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी चिखल उपसताना जाणवले. तो कारकून आता ट्युनिसला असतो. आभाराचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

संपादक मंडळ
२९ जानेवारी, दुपारी ३.००

अंबाझरी पुराच्या जबाबदारीविषयीचे चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया मूळ विषयावर राहावे.

कामठीचा सुभेदार
२९ जानेवारी, रात्री ८.४५

अंबाझरी लेआउट यांनी लिहिले ते इराकलाही लागू आहे. २००३ च्या मे महिन्यात तिथल्या अमेरिकी प्रशासनाने एका आदेशाने सगळी इराकी फौज बरखास्त केली. ज्याने फौजेत नोकरी केली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळतो. लाखो माणसे, हातात शस्त्राचे शिक्षण, घरी पगार नाही, आणि वर अपमान. पुढे त्यांच्यातले काही आयसिसमध्ये दिसले, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

त्या उन्हाळ्यात आपली एक डिव्हिजन इराकला पाठवण्याचे दिल्लीत घाटत होते. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण कामठीच्या कॅंटीनमध्ये रोज तीच चर्चा. तरुण पोरांना जायचे होते, भत्ता चांगला होता. आम्ही श्रीलंकेवाले गप्प बसत होतो. १४ जुलैला सरकारने नाही म्हणून सांगितले, संयुक्त राष्ट्रांचा आदेश असता तर विचार केला असता, असे कारण दिले. त्या रात्री मी झोपलो तो नीट झोपलो.

इंदोरा चौक, ताई, तुमचे रवांडाचे म्हणणे मला मान्य आहे. वेळ आली तर जावेच लागते. माझे म्हणणे एवढेच की जाणाऱ्याला पाठवणाऱ्याने खरे सांगावे. आम्हाला शांतता राखायला जात आहात असे सांगितले होते, आणि लढाई सुरू झाली तेव्हा आमच्याकडे धड नकाशे नव्हते.

इंदोरा चौक
२९ जानेवारी, रात्री ९.३०

काका, एक विचारू का? २१ ऑक्टोबर १९८७ ला जाफनाच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले, असे वाचले आहे. त्याबद्दल शिपायांमध्ये कधी बोलणे होत असे का?

कामठीचा सुभेदार
२९ जानेवारी, रात्री १०.२०

मी तिथे नव्हतो. आतून आधी गोळ्या आल्या होत्या, असे आम्हाला सांगण्यात आले. तिथले लोक तसे सांगत नाहीत. मेले ते डॉक्टर आणि रोगी होते, यात वाद नाही. बोलणे होत नसे.

महालकर (धागाकर्ता)
३० जानेवारी, रात्री ९.१०

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझी कसोटी मी दुरुस्त करतो. आवतण आणि परतीची तारीख या दोन प्रश्नांवरून जावे की नाही, हे ठरत नाही. रवांडा आणि कंबोडिया तसे ठरवू देत नाहीत, हा इंदोरा चौक यांचा मुद्दा मला मान्य आहे. गेल्यानंतर काय होणार, याचा अंदाज मात्र त्यांवरून बांधता येतो. अमीन यांनी निमंत्रण दिले होते आणि परतीची तारीख नव्हती. जयवर्धने यांचे निमंत्रण प्रेमदासांनी मोडले आणि तारखेवरून रक्त सांडत राहिले. डेर्नाच्या बाबतीत तर फौज जमिनीवर उतरलीच नव्हती, विमाने वरूनच परत गेली. तिथे परत जाण्याचा नव्हे, थांबण्याचा प्रश्न होता, आणि तो माझ्या कसोटीत बसतच नाही. त्यावर मला अजून विचार करावा लागेल.

भाचीला परवा खरे उत्तर दिले. तिने ऐकून घेतले आणि विचारले की, अप्पासाहेबांना कुणी सावध केले नव्हते का. तिला आता १ मे रोजी पुन्हा किल्ल्यावर जायचे आहे.

कामठीचा सुभेदार
३० जानेवारी, रात्री ९.३५

मी येतो. ओळखपत्र सोबत ठेवा, फाटकावर विचारतात. सकाळी आठच्या आत या. मे महिन्यात दहा वाजताच तिथला दगड पाय ठेवू देत नाही.